चौरंगावरची गाडी

मी भित्री. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी विचारायला नको. लग्न होऊन देवळीला आले तेव्हा साप-विंचवाची भीती वाटायची, ती हळूहळू गेली. मोटारीची भीती मात्र आली आणि ठाण मांडून बसली. आमच्या ह्यांचं गॅरेज घराला लागूनच, पुलगाव रस्त्यावर, टिनाच्या शेडमध्ये. पहिल्याच वर्षी जॅक निसटला आणि आख्खी जीप धप्पकन खाली बसली. हे तेवढ्यात चहाला घरात आले होते म्हणून वाचले. कप हातात घेऊन म्हणतात कसे, "साखर कमी हाये." तेव्हापासून शेडमधली ठोकठोक थांबली की मी हातातलं काम टाकून दाराशी जायचे. आवाज चालू आहे तोवर माणूस जिवंत आहे, एवढंच मला कळायचं.

ऐंशी साल उलटून गेलं असेल. एका डॉक्टरची अँबेसेडर आली. मागचा एक्सल मोडलेला, चाकं जाम, सामान नागपूरहून यायचं आणि ते काही येत नव्हतं. शेड अरुंद. दुसरी गाडी आत घ्यायची तर रस्त्यावरची माणसं बोलावून हिला ओढा, घासत कोपऱ्यात न्या, पुन्हा काढा. हे वैतागले. मग त्यांच्या डोक्यात आलं की प्रत्येक चाकाखाली एक बुटकी चौकट ठेवायची आणि चौकटीला खाली छोटी चाकं लावायची. गाडी त्यावर चढवली की आडवी, उभी, पाहिजे तिकडे सरकवता येते. आम्ही त्यांना चौरंगच म्हणायचो, कारण दिसायचे तसेच.

आधी लाकडी फळ्यांचे केले. गाडी चढवली आणि कड्कन फळी फाटली. मग कुठूनशी दवाखान्याच्या खाटांची रबरी चाकं आणली. ती मोडली नाहीत, पण गाडी आठवडाभर उभी राहिली तर खालून चपटी होऊन बसली, हलता हलेनात. मला तर ती फार आवडली. हलत नाही ना, मग बरं आहे की! मी तसं बोललेसुद्धा. हे हसले. "गाडी हलवाले चौरंग करून राह्यलो, अन् तुले न हलणारे पायजे?"

शेवटी वर्ध्याच्या भंगारात त्यांना हवं ते मिळालं. जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी ओढायच्या जुन्या ट्रॉल्यांची चाकं. बिडाची, आत बेअरिंग, चारी दिशांना फिरणारी. प्रत्येक चाक त्यांनी हातोडीनं वाजवून पाहिलं, फुटकं बोदं वाजतं म्हणून. मग बोटानं गरकन फिरवून कानाशी धरलं. खरखर आली की बाजूला. लोखंडी अँगलच्या चौकटी वेल्डिंग करून आणल्या. गाडी वर चढवली आणि मला हाक मारली. "इकडं ये, पाह्य! एका बोटानं!" आणि खरंच, एवढं मोठं धूड एका बोटानं सरकलं. बघणारे वाहवा करत होते. मी दोन पावलं मागे सरले.

"ह्याले ब्रेक नाई का काही?" मी विचारलं.

"ब्रेक कायले? ठोकळे लावतो ना मी. भेतं काऊन वं? भित्यापाठी ब्रह्मराक्षस!"

बाभळीचे ते ठोकळे चाकांना खेटून असत, आणि मी येता-जाता ते जागेवर आहेत का हे पाहत असे. आमच्या शेडच्या कोब्याला मागच्या भिंतीकडे उतार होता, धुतलेलं पाणी मोरीत जावं म्हणून. डोळ्यांना दिसायचा नाही. पण पाण्याला कळायचा, आणि मला.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी सगळी हत्यारं घासूनपुसून पाटावर मांडतात, हळदकुंकू, झेंडूची फुलं वाहतात आणि दसऱ्यापर्यंत कोणी हात लावत नाही. पाने, हातोड्या, जॅक, साखळी, सगळं मांडलं. सासूबाई म्हणाल्या, "ठोकळे राह्यले ना. वर्षभर त्याहीनं भार सोसला, त्याहीले कुंकू नाई का?" ह्यांनी ठोकळे काढले, पुसले, पाटावर ठेवले. वर चौरंगाच्या चाकांना तेलही दिलं, सणाचं. मी म्हटलं, निदान विटा तरी लावा. "महिन्याची हलली नाई, आता काय हलते?"

गाडीचं तोंड त्याच मागच्या भिंतीकडे. हे भिंत आणि गाडीच्या मधे उकिडवे बसून बंपरवर स्वस्तिक काढत होते. काढून झालं, आणि उठायला म्हणून त्यांनी बंपरला धरलं.

गाडी त्यांच्या अंगावर गेली. आवाजसुद्धा नाही हो! तेल दिलेलं ना! नुसता ह्यांचा "आं" ऐकू आला. पाहते तर मांड्यांपासून छातीपर्यंत भिंतीशी चेपलेले, तोंड उघडं आणि श्वास नाही.

मी मागे धावले, डिकी धरली, पाय रोवले आणि ओढली. आली, वीतभर आली. पण धरून ठेवणं काही होईना, पाय तेलावर घसरायला लागले. सोडली तर पुन्हा त्यांच्यावर जाणार. सासूबाई पाटाजवळ हात जोडून उभ्या.

"आत्याबाई, ठोकळा घाला! चाकाखाली!"

"पूजेतला हाये वं. उद्यापर्यंत हात नाई लावत."

"तुमचं लेकरू मरून राह्यलं तिकडं!" मी किंचाळले. सासूबाईंसमोर डोक्यावरचा पदर पडू न देणारी मी. माझे हात सुटत चालले होते. त्यांनी एकदा पाटाकडे पाहिलं, मग खाली वाकून, फुलं तशीच चिकटलेला ठोकळा उचलला आणि चाकाखाली सारला. मग दुसरा. मी हात सोडले तरी गाडी थांबून राहिली.

हे स्वतःच सरकत बाहेर आले. हाड मोडलं नव्हतं. ओट्यावर बसले. सासूबाई पाणी घेऊन आल्या. मी वाट पाहत होते, आता हे हसतील, मला भित्री म्हणतील. पेला त्यांनी न पिताच खाली ठेवला. माझा हात धरून हळूच म्हणाले, "मले लय भेव वाटला वं."

तोवर घरात भिणारी मी एकटी होते. हे भीत नाहीत, या एका भरवशावर मी इतकी वर्षं रोज झोपत होते.