सिलिंडरची रिंग आणि सायलीची ओटी

आमची गाडी व्यवस्थित चालत होती. सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला.

अकरा वर्षांची गाडी. आवाज नाही, धूर नाही, मनवेलपाड्याचे खड्डे मुकाट्याने खाते. या घरात माझ्याखालोखाल गुणी कोण असेल तर तीच! पण मागच्या महिन्यात चांदीपच्या रस्त्यावर व्याह्यांनी, म्हणजे आमच्या सायलीच्या सासऱ्यांनी, यांना मागे टाकलं. नुसतं टाकलं नाही, जाताना हॉर्न वाजवला आणि खिडकीतून हात हलवला. तेव्हापासून यांचं जेवणात लक्ष नव्हतं. सारखे मोबाइलवर इंजिनं बघत बसायचे. शेवटी एक लाल चकचकीत नळी घरी आली. तिचं नाव फ्युएल रेल. ती इंजिनावर आडवी बसते आणि टाकीतून आलेलं पेट्रोल चार ठिकाणी वाटून देते, एवढं मला समजलं.

"आपल्या गाडीला ही नाहीये का?" मी विचारलं.

"आहे ना. पण ती कंपनीची आहे."

"मग?"

"मग काय? ही बाहेरची आहे! हिने पिकअप वाढतो."

(पुढे रिक्षा, मागे टँकर, मध्ये म्हैस. पिकअप वाढवून हे कुठे घुसणार होते, देव जाणे!)

वाढवायचा तर वाढवा. पण दिवस कुठला निवडावा माणसाने? सायलीच्या ओटीभरणाचा! लेकीला सातवा महिना, पहिलटकरीण, कार्यक्रम तिच्या सासरी चांदीपला. ओटी साडेअकराच्या आत भरायची होती आणि पहिली ओटी आईची. आई वेळेत पोचली नाही तर सायलीची आत्येसासू भरणार, असं तिनेच दोनदा फोन करून सांगितलं होतं. लग्नापासून ती बाई माझ्या जागेवर टपून बसलेली आहे. मी चारचौघांत तोंड उघडत नाही. लग्नात लोक काय काय बोलले, मी मान हलवत राहिले. पण ही एक गोष्ट मला हवी होती. माझ्या लेकीची पहिली ओटी मीच भरणार!

सकाळी सात वाजता माझा दीर दिनेश आला. तो वालीवला कारखान्यात लेथ चालवतो. त्यामुळे जगातलं कुठलंही लोखंड आपलं ऐकतं, असा त्याचा समज आहे.

"अर्ध्या तासाचं काम हाय, वहिनी. चहा टाका. तो पिऊन होईतो गाडी तयार."

चार वेळा चहा झाला. नऊ वाजले. बॉनेट उघडं, जुनी नळी अंगणात, नवी नळी दिनेशच्या मांडीवर आणि हे दोघं एकमेकांवर गुरगुरतायत.

"तू दाबलीस कशाला एवढी?"

"दाबल्याशिवाय बसंल कशी, दादा?"

झालं होतं असं, की नळीच्या चार तोंडांशी चार रबरी रिंगा लागतात. करंगळीत बसेल एवढी एकेक. पेट्रोल बाहेर येऊ नये म्हणून. दिनेशने कोरड्या कोरड्या दाबल्या आणि एक कापली गेली. जुन्या रिंगा? त्या त्याने 'आता काय कामाच्या' म्हणून सात वाजताच गटारात टाकल्या होत्या! रविवार. दुकानं बंद. माझ्या डोक्यात सणक गेली. घरातला नळ दिवाळीपासून ठिबकतोय, त्याला हात लावायला यांना वेळ नाही, आणि चालत्या गाडीची आतडी बाहेर काढून बसलेत!

आणि मग मी ती चूक केली. मी बोलले.

आत भाकऱ्या बांधता बांधता खिडकीतून दिनेशच्या हातातली कापलेली रिंग पाहिली होती. अगदी तश्शीच मी रोज बघते. बाहेर आले, पदर सावरला आणि म्हणाले, "आपल्या गॅसच्या सिलिंडरच्या तोंडात असते, तशीच आहे ही."

दोघांनी रिंग उन्हात धरून पाहिली. मग दिनेश उठलाच!

"वहिनी! डोकं हाय हां तुम्हाला!"

"चौथी शिकलेली बाई, पण बघ!" हे म्हणाले. (स्वतः दहावी दोनदा. पण ते असो.)

सिलिंडरमधली रिंग काढली, गाडीत घातली. टच्च बसली! शेजारणी गॅलरीत आल्या. कोणीतरी "काकू मेकॅनिक झाल्या" म्हणालं. माझे कान गरम झाले. लाजेने म्हणा, गर्वाने म्हणा. मी आत गेले, सायलीने दिलेलं जांभळं जरीचं लुगडं नेसले, केसांत गजरा माळला. दहा वाजून गेले होते. ओटीचं सामान हातात घेऊन बाहेर आले, तर हे ड्रायव्हरच्या जागी बसलेले, काचा वर, गाणं चालू.

"तुझी रिंग आहे," हे काच इंचभर खाली करून म्हणाले. "तूच वाकून बघ गळते का."

मी वाकले. यांनी चावी फिरवली. मागे टाकीपाशी घूंऽऽ झालं आणि माझ्या रिंगेतून पेट्रोलचा फवारा निघाला तो थेट माझ्या छातीवर! छातीवरून गळ्यात, गळ्यातून गजऱ्यात!

आता कोणीही बाई बोंबलली असती. पण गॅलरीत शेजारणी उभ्या. मी हळूच म्हटलं, "अहो..."

गाणं चालू.

"अहो, बंद करा ना..."

फवाराही चालू! शेवटी दिनेशने बॉनेटवर बुक्क्या मारल्या तेव्हा यांनी चावी काढली आणि विचारलं, "काय, गळतंय का?"

मी यांच्याकडे नुसतं बघितलं. त्या नजरेने पेट्रोल पेटलं कसं नाही, याचं मला आजही नवल वाटतं.

"तुमच्याच रिंगेने घोळ केला, वहिनी," दिनेश म्हणाला. बघा! बसली तेव्हा डोकं होतं, गळली तेव्हा माझी रिंग!

लुगडं बदलायला निघाले, तर यांनी रिक्षा थांबवलीसुद्धा. "अगं, पावणेअकरा वाजले! पेट्रोल आहे ते, वाऱ्याने उडून जाईल!" घड्याळ बघितलं, आत्येसासू आठवली आणि चढले. दिनेश गाडीपाशी राहिला. रिक्षावाल्याने एकदा वास घेतला, तोंडातली विडी काढली, विझवली आणि म्हणाला, "मौसी, चांदीप तक मैं नहीं पीता." त्या दिवशी माझी काळजी करणारा पुरुष तेवढाच भेटला.

वाऱ्याने काही उडालं नाही. मुरलं! सव्वाअकराला चांदीपला उतरलो. मांडव भरलेला, बायका नटलेल्या, सायली हिरव्या साडीत पाटावर, शेजारी आत्येसासू हातात नारळ घेऊन तयार. आणि दारातून विहीणबाई आल्या हसत हसत, मला ओवाळायला. ताटात कुंकू, अक्षता आणि मोठी ज्योत लावलेलं निरांजन!

"या विहीनबाय! किती उशीर गो? थांबा, पायांवर पानी घालते आनि ओवाळते..."

ताट माझ्यापासून दोन हातांवर आलं. आणि माझ्या गळ्यातून असा आवाज निघाला, जो मी स्वतःसुद्धा कधी ऐकला नव्हता.

"लांब व्हा! हात लावू नका मला! लांऽऽब!"

वाजंत्री थांबली. विहीणबाईंचं तोंड उघडं ते उघडंच. लेकीच्या दारात येऊन तिच्या सासूवर ओरडणारी आई तालुक्यात पहिली मीच असेन!

हे पुढे झाले. मला वाटलं, सांभाळून घेतील. तर छाती फुगवून म्हणतात कसे, "काय आहे, आपण गाडीला फ्युएल रेल बसवली."

"काय सांगता!" व्याही म्हणाले. "पिकअप किती वाढला?"

आणि दोघं खुर्च्या ओढून बसले! मी दारात पेटायच्या बेतात उभी, आणि यांचा पिकअप!

विहीणबाईंनीच नाक पुढे करून वास घेतला आणि ताट मागे दिलं. माझा दंड धरून मोरीत नेलं, तीन बादल्या पाणी ओतलं, बेसन चोळलं. बाहेर आत्येसासूचा आवाज आला, "वेळ टळतेय. मी भरून घेते."

"कोनी हात लावायचा नाय!" विहीणबाई आतूनच गरजल्या. "पयली ओटी आईची!"

त्यांची साडी नेसले. त्यांच्या पोलक्यात माझ्यासारख्या दोन मावतील. पाठीला सात पिना लावल्या. अकरा अठ्ठावीसला मी पाटासमोर बसले, लेकीला कुंकू लावलं आणि ओंजळभर तांदूळ, नारळ तिच्या ओटीत घातला. डोळ्यांतलं पाणी पेट्रोलने आलं की कशाने, सांगता येत नाही.

सायली माझ्या कानाशी वाकली. मला वाटलं, 'आई, बरं झालं आलीस' म्हणेल.

"आई," ती कुजबुजली, "मघाशी तू ओरडलीस ना, तेव्हा बाळाने आतून केवढी लाथ मारली!"

नवरा बोलून झाला होता, दीर बोलून झाला होता, शेजारणी हसून झाल्या होत्या. नातवंड तेवढं राहिलं होतं. त्यानेही जन्मायची वाट पाहिली नाही!