सांदवाडीतली पिझ्झाची भट्टी

बातमी मला नागपूरहून आली. हे सांगताना अजूनही चमत्कारिक वाटतं, कारण गिरजाबाईंच्या आणि माझ्या घरांमध्ये फक्त एक सांदवाडी आहे, म्हणजे मागचं अंगण, आणि तेही दोघींचं मिळून. सकाळी मी चहा ठेवला होता. त्यांच्या मुलाचा, विलासचा फोन आला. "काकू, आई फोन उचलून नाई राह्यली. पाहता का जरा?" मी म्हटलं, "अरे, मांडवात झोपली असन, फोन घरात राह्यला असन." बोलत बोलतच मागचं दार उघडलं. गिरजाबाई मांडवाखाली खाटेवर होत्या. कुशीवर, पदर नीट घेतलेला. मी हाक मारली, पुन्हा मारली… मग मारली नाही. फोन माझ्या हातात तसाच चालू होता आणि विलास तिकडून विचारत होता, "काकू? उठली का?"

गिरजाबाई माझ्या थोरल्या जाऊ. मी त्यांना आयुष्यभर 'बाई' म्हटलं आणि त्यांनी मला 'निर्मला', राग आला की 'निर्मले'. आता काही आठवडे लोटले आहेत. भेटायला येणारे दारातून आत येतात, दोन शब्द दुःखाचे बोलतात आणि मग हळूच विचारतात, "ते भट्टी कुठी हाय हो?" मी त्यांना मागे घेऊन जाते. दाखवते. दाखवताना माझी मान जरा ताठ होते, हे मला कळतं. सत्तरी ओलांडलेल्या, डावा हात अर्धा गेलेल्या बाईनं आमच्या सिंदेवाहीत पिझ्झाची भट्टी बांधली. ती माझी जाऊ होती. मान ताठ होणारच.

स्वयंपाकातल्या नव्या गोष्टींवर खरं तर माझा हक्क होता. मी चंद्रपूरहून लग्न होऊन इथे आले ती शहरची, मॅट्रिक पास आणि भरतकामासकट केक येणारी मुलगी म्हणून. सासरी पहिल्याच महिन्यात मी जाहीर केलं की आज सगळ्यांना केक मिळेल. कुकरमध्ये वाळू घातली, वर डबा ठेवला, झाकण लावलं. रबर काढायचं असतं हे मला माहीत होतं, पण सगळे बघत होते आणि मी बोलण्यात इतकी रंगले होते की ते राहून गेलं. जळक्या रबराचा वास शेजारच्या तिसऱ्या घरापर्यंत गेला. डब्यातून जे निघालं त्यावर पाटा ठेवता आला असता. बाईंनी तो तुकडा हातात घेऊन वजन पाहिलं, गोठ्यात नेला आणि गाईपुढे धरला. गाईनं तोंड फिरवलं. बाई परत येऊन म्हणाल्या, "निर्मला, तुह्या माहेरच्या गाई वेगळ्या असन." झालं. त्या दिवसापासून मी माहेरचं सांगायला तोंड उघडलं की बाई फक्त गोठ्याकडे बघायच्या. मला त्या वेळच्या त्या पोरीचं आता फार हसू येतं. दोन बोटांनी शेण उचलून सारवायला बसायची ती! जसं काही शेण तिला चावणार होतं.

पुढे सगळं व्हायचं तसं झालं. दोघींच्या मुलांची लग्नं झाली, मुलं नोकऱ्यांपायी पांगली, दोघींचे नवरे गेले, गाई विकल्या, गोठा रिकामा झाला. मग दोन वर्षांपूर्वी बाईंना अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, जीभ तर आधीपेक्षा जोरात सुरू झाली, पण डावा हात आला नाही. तो नुसता धरायला, तेही हलकं काही. विलास येऊन राहिला, बायको येऊन राहिली, पण किती दिवस राहणार? जाताना तो म्हणाला, "आई, मंडईले येतो तेव्हा घराचं ठरवून टाकू. तुले आता नागपूरलेच न्यावं लागल." दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, नाटकं असतात, लेकी-सुना-पाहुण्यांनी घरं भरतात. म्हणजे बाईंच्या हातात पावसाळा तेवढा होता. पोरगा वाईट नव्हता, जिवाला घोर होता त्याच्या. पण बाईंना याच घरात राहायचं होतं आणि इथूनच जायचं होतं, आणि हे त्याला कसं पटवायचं ते त्यांना कळत नव्हतं.

विलासची मुलगी अन्वी सुटीत आली होती तेव्हा तिनं जेवणाला नाक मुरडलं. तिला पिझ्झा हवा होता आणि सिंदेवाहीत तो मनासारखा मिळेना. तिनं फोनवर आजीला कुठल्याशा परदेशी खेड्यातली मातीची भट्टी दाखवली. घुमट, पुढे तोंड, आत लाकडं. बाईंनी फोन जवळ घेतला, लांब धरला, पुन्हा जवळ घेतला. "हे तं उलटी ढोली हाय," म्हणाल्या. धान साठवायची ढोली, बांबूची विणलेली, पुरुषभर उंच. बाईंच्या माळ्यावर त्यातली एक बुटकी, फुटक्या बुडाची पडलेली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. "निर्मला, पोरं इथी येत काऊन नाई? इथी त्याहीले खायाले, बसाले काई नाई म्हणून. आपण भट्टी बांधू. मंडईले सारे इथीच जेवतीन. मंग पाहू विलास कोणतं घर विकते."

मी हसले नाही असं म्हणणार नाही. बाईंनी ढोली सांदवाडीत उपडी घातली. रानातून वारुळाची माती आणवली, त्यात धानाचा कोंडा आणि बारीक कापलेलं तनीस टाकलं, म्हणजे भाताचा पेंढा. चिखल तुडवायला माणूस पाहू म्हटलं, तर लुगडं वर खोचून स्वतः उतरल्या. "हात गेला, पाय तं हायेत." माझा खांदा धरून गोल गोल तुडवत राहिल्या. ढोलीवर मातीचे थर चढवत गेलो. एक थर वाळला की दुसरा, पाऊस आला की वर ताडपत्री. मग पुढे तोंड कापून आत बारीक जाळ केला. बांबू आतल्या आत जळून गेला आणि मातीचा घुमट तेवढा उभा राहिला. भेग पडली नाही. बाई त्याच्याभोवती फिरत होत्या, जसा घोडा विकत घ्यायचा आहे.

भट्टीपुढे बसायला सावली पाहिजे म्हणून शेजारच्या तुकारामभाऊंनी गोठ्याचे खांब काढून मांडव घातला. वर बांबू, कवेलू म्हणजे कौलं, आणि कडेनं मातीचा ओटा, माझ्या गुडघ्यांसाठी. आता आमच्याकडे मांडव घालतात तो कार्यापुरता. कार्य झालं की उतरवायचा. त्यामुळे येणारा-जाणारा विचारायचा, लग्न कोणाचं? तुकारामभाऊही खांब गाडता गाडता म्हणाले, "बाई, मांडव तं झाला, नवरी कुठी हाय?"

"मी हाओ," बाई म्हणाल्या. "लवकर हात चालव, नाई तं पळून जाईन."

मंडईचा दिवस आला. विलास, त्याची बायको, अन्वी, पाहुणे, गल्लीतल्या बायका, सगळे सांदवाडीत. चीज अन्वीनं नागपूरहून बर्फात आणलं होतं. वांगी, टमाटर, सांबार म्हणजे कोथिंबीर, लसणाची चटणी आमची. पहाटे मी भट्टी सारवून ठेवली होती, बाहेरून आणि आतूनही, हात आत घालून, कोपरापर्यंत. नवी चूल सारवल्याशिवाय आम्ही पेटवत नाही. बाईंनी पाहिलं आणि शाबासकी दिली, "आता आली तुले शेणाची सवय." चुलीवर भांडं असतं, आणि इथे पीठ थेट सारवलेल्या जमिनीवर बसणार, हे आम्हा दोघींच्या चार डोळ्यांना दिसलंच नाही. पहिला पिझ्झा बाहेर आला तो खालून काळा आणि वासानं… वास गोवरीचा. अन्वीनं नाक धरलं. पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले.

मी बाईंच्या कानाशी गेले. "बाई, गाय नाई आता. काय करू याचं?"

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की बास. वरचं चीज खरवडून खाल्लं, म्हणाल्या, "वरून चांगला हाय. खुरपं आण."

भट्टीचा तळ खरवडायचा, ओल्या फडक्यानं पुसायचा, पुन्हा लाकडं घालून तापवायची, म्हणजे बराच वेळ. त्या वेळात विलासनं विषय काढलाच. आवाज खाली ठेवून, पण सगळ्यांना ऐकू येईल असा. "आई, खूप केलं तू. पण हात चालत नाई तुहा. इथी पडली तं कोण पाह्यल?"

"निर्मला वरडन. तिचा आवाज रेल्वे स्टेशनापर्यंत जाते."

"आई, मजाक नको."

"नागपुरात पडली तं? तुमी दोघं ऑफिसात. लिफ्टवाला वरडन का?"

विलासचे डोळे भरले होते. मला त्याची कीव आली, आणि बाईंचीही. आता दुसरी गोष्ट सुरू झाली. भट्टी तापली, पिझ्झा आत सरकवायचा कसा? फोनमध्ये लांब दांड्याचं लाकडी फळकुट होतं, ते आमच्याकडे कुठलं? विलासनं परातीतून सरकवायचा प्रयत्न केला. पिझ्झा भट्टीच्या तोंडात दुमडून पडला, करंजीसारखा. बाई उठल्या, घरात गेल्या आणि धान पाखडायचं सूप घेऊन आल्या. त्यावर पीठ भुरभुरलं, पिझ्झा ठेवला. जन्मभर ज्या बायकांनी पाखडलं त्यांना सुपाचा झटका काय शिकवायचा? पण सूप दोन हातांनी झटकायचं असतं. बाईंनी उजवी बाजू धरली आणि डावीकडे बघून थांबल्या.

"निर्मला, डावीकडं तू धर."

मी धरलं. दोन बायका एका सुपाला, जत्रेतली गंमत वाटावी अशी. पहिला झटका माझा उशिरा बसला, पिझ्झा राखेत गेला. "निर्मले, धान पाखडतो तसं. केक नाई करून राह्यलो आपण." गल्ली हसली. दुसरा पिझ्झा ठेवला. मी भट्टीकडे बघितलंच नाही, बाईंच्या खांद्याकडे बघत राहिले. खांदा हलला तसा माझा हात हलला, आणि पिझ्झा सुपातून सुटून सरळ तळाच्या मध्यावर जाऊन बसला. कडा फुगल्या, चीज उकळलं. त्यानंतर आम्ही थांबलोच नाही. पळसाच्या पत्रावळीवर तुकडे जात राहिले, ओट्यावर, सतरंजीवर, उभ्यानं लोक खात राहिले. अन्वी कोणाचे तुकडे कोण पळवतं ते बघत हिंडत होती. तुकारामभाऊ म्हणाले की भाकर बरी हाय, पण मीठ-मिरची लाजून टाकली.

विलास ओट्यावर बसून आमच्या सुपाकडे बघत होता. बराच वेळ. सगळे मंडईकडे गेल्यावर तो माझ्याजवळ आला.

"काकू, तुमी इथंच राहणार ना?"

"मी कुठी जातो? जायाले गुडघे पाह्यजे."

त्यानं मान हलवली. घराचं त्यानं काही ठरवलं नाही, म्हणजे बाईंना हवं तेच ठरलं. जाताना रोजच्या फोनची वेळ तेवढी लावून गेला, सकाळी चहाच्या आधी. बाई त्या फोनवर कुरकुरायच्या आणि फोन यायच्या आधी वेणी घालून बसायच्या.

मांडव उतरवला नाही तो नाहीच. गल्लीतली एकेक बाई आपापलं पीठ घेऊन येऊ लागली. कोणी वांगी भाजायला, कोणी पोरांच्या वाढदिवसाला, तलावावरून मासे आले की कोणी ते पानात गुंडाळून. पिझ्झा महिन्यातून एखादा, भट्टी मात्र थंड होईना. बाई ओट्यावर बसून हुकूम सोडायच्या. पाहुणे 'हे कोणी बांधलं' विचारायचे तेव्हा मी आधी उत्तर द्यायची. त्या नुसत्या पदर सावरायच्या.

बाई गेल्या त्या सकाळी सगळे जमले, विलास पोहोचला, घाटावरून सगळे परतले. त्या दिवशी घरची चूल पेटत नाही, शेजारपाजारचे खायला करून आणतात. गल्लीतल्या बायकांना भट्टीत रोट्या करायच्या होत्या, पण कोणीतरी शंका काढली की भट्टी ही या घरचीच चूल, मग पेटवायची कशी? जुन्या माणसांत दोन बाजू पडल्या. कोणी माझ्याकडे बघितलं. मी मांडवातल्या रिकाम्या खाटेकडे बघत होते. विलासच म्हणाला, "आईनं ते घरात नाई बांधली. गल्लीसाठी बांधली. पेटवा." आणि लाकडं त्यानं स्वतः आणली.

गल्लीतली शेवंता रोट्या थापून तयार होती, पण तापली की नाही ते सांगणार कोण? विलासनं मागे एक उष्णता मोजायचं यंत्र आणून दिलं होतं. बाईंनी ते पेटीत ठेवलं, त्यांची रीत वेगळी होती. उजवा हात भट्टीच्या तोंडाशी धरायचा आणि गल्लीतली घरं म्हणत जायची, माझ्यापासून सुरू करून. निर्मला, शेवंता, तुकाराम, पोस्टवाले, मास्तर. मास्तरांच्या घरी पोचता पोचता चटका बसून हात मागे आला पाहिजे. गल्ली संपेपर्यंत हात आत राहिला तर अजून लाकूड घाला. 'तुह्यं नाव पहिले घेतो,' म्हणायच्या, 'तोवर भट्टीही जरा सबूर करते.'

त्या दिवशी हात मी धरला, आणि तेव्हापासून मीच धरते. माझंच नाव मी पहिलं कसं घेणार, म्हणून 'गिरजाबाई' पासून सुरू करते. तिथे जरा जास्तच वेळ लागतो मला… मग शेवंताच्या घराशीच चटका बसतो, हात मागे येतो, मी सांगते, तापली, घाला. आणि पहिली रोटी मधून कच्ची निघते. शेवंता ती माझ्याकडे बघत बाजूला ठेवते आणि आणखी एक लाकूड आत सरकवते.