दहाव्याला वस्तरा ओला झाला अन् हे गायब

न्हाव्यानं वस्तरा पाण्यात बुडवला अन् हाक मारली, "मोठा कुठंय? धाकट्याचं झालं, आता मोठ्याला बसवा," अन् मी वळून बघितलं तर हे नव्हतेच. आत्ता तर माझ्या मागं उभे होते. चपला पायरीवर तशाच पडलेल्या. पोरगी माझ्या कडंवर रडायली, मी तिला घेऊनच घाटावर पळत सुटले, झाडाखाली बघितलं, गाड्यांकडं बघितलं, शेवटी पाण्याकडं बघितलं. गोदावरीला पाणी लई होतं. सासरे गेल्यापास्नं हे धड जेवले नव्हते, कुणाशी बोलायचे नाय, सारखा डोक्यावरून हात फिरवायचे. मला वाटलं, संपलं सगळं.

ते आजबी डोळ्यापुढं येतं. आमची केस ज्या पोलीस साहेबांनी बघितली ते आता रिटायर झालेत, आपल्या नोकरीतल्या केसेस लिहून काढायलेत. मला म्हणले, "बाई, ही एक केस तूच सांग. मी लिहिलं की नुसता पंचनामा होतो." मी आठवीपर्यंत शिकलेली, जसं बोलते तसंच सांगते. नाव कुणाचंच घेत नाय, साहेबांनी तसं बजावलंय.

भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, म्हणले, "वहिनी, येईल दादा, थांबा जरा." मी कशाची थांबते. त्यांच्या गाडीवर मागं बसून पोरीसकट ठाण्यात गेले. तिथं हवालदार काहीतरी लिहीत होते, बाजूला चहा गार झालेला. मी एका दमात सगळं बोलले. ते म्हणले, "दम घ्या ताई. मिसिंग लिहून घेतो. वर्णन सांगा. केस?"

"काळे. दाट. कंगवा अडकंल असे."

"अंगावर खूण? जुनी जखम, टाके?"

"काहीच नाय."

"नीट आठवा. सापडलं काही तर ओळख पटवायला लागतं."

सापडलं काही, म्हणजे काय ते मला कळलं. पोरीला मी इतकं आवळलं की ती किंचाळली. "नाय ओ," मी म्हणले, "नवरा हाय माझा, मला म्हाईत नसंल का?"

मग साहेब आले. टोपी घालूनच खुर्चीवर बसले अन् भाऊजींकडं बघत राहिले. भाऊजींचं डोकं नुकतंच भादरलेलं, त्यावर घामाचे थेंब.

"जमिनीचं काही?"

"नाय साहेब, सख्खा भाऊ हाय माझा."

"सख्ख्यांचीच भांडणं जास्त येतात आमच्याकडं." मग माझ्याकडं वळले. "दुसरी बाई वगैरे?"

मला असा राग आला. "ओ साहेब, वाळूजच्या कंपनीतून शिफ्ट करून आल्यावर त्यांला ताटावरच झोप लागती. दुसरी बाई कुठून सांभाळतेत?"

हवालदार तोंड फिरवून हसले. साहेब नाय हसले. तेवढ्यात जीपस्टँडवरच्या शिपायाचा फोन आला. एक जीपवाला म्हणत होता, अनवाणी माणूस बसला होता शहराच्या गाडीत, सगळ्या वाटंनी ड्रायव्हरच्या आरशात आपलंच डोकं बघत होता.

जिवंत हायेत! मी तिथंच फरशीवर बसले. पण बाप दहाव्याला पिंडाची वाट बघतोय अन् पोरगा शहरात काहून गेला? मला नवीनच भीती लागली, डोक्यावर परिणाम झाला का काय.

तवर ह्यांच्या चुलत्यांनी आत्यांना आणलं. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. साहेबांनी त्यांला पाणी दिलं अन् विचारलं, "मावशी, पोराला डोक्याचं काही जुनं दुखणं?"

"दुखणं नाय बाबा. लग्नाच्या आधी केस तेवढे गेले होते पार. पोरी नाय म्हणायच्या. मग ह्यानं शहरातून तेल आणलं, वर्षभरात आले की भरभरून."

साहेबांनी हळूच टोपी काढून टेबलावर ठेवली. डोकं असं चकचकीत, एक केस नाय.

"मावशी, तेलानं केस आले असते तर मी हा असा बसलो असतो का?"

मी रडतारडता हसले. अन् हसताहसताच थांबले, कारण ह्यांला टक्कल होतं हे मला म्हाईतच नव्हतं. साहेब हवालदाराला म्हणले, "शहरात केस लावणारे जे जे डॉक्टर असतील त्यांला फोन लाव. अनवाणी माणूस आलाय का, एवढंच विचार."

एका डॉक्टरबाईंच्या दवाखान्यातून होकार आला. बसलाय, नंबर नाय लावला, उठत बी नाय.

आत्यांना घाटावर धाडलं अन् मला, भाऊजींना साहेबांनी आपल्या गाडीत घेतलं. दवाखान्यात हे भिंतीला टेकून बसलेले, पाय धुळीनं भरलेले. मला बघून उभे राहिले. "तू काहून आलीस?"

"मी पाण्यात हुडकत होते तुम्हाला!" मी एवढ्यांदा ओरडले की बसलेले पेशंट दचकले.

डॉक्टरबाईंनी आत नेलं. त्या म्हणल्या, "ह्यांचं ऑपरेशन मीच केलंय. हे दोन तासांपास्नं एकच विचारतायत, वस्तरा फिरवला तर लावलेले केस परत येतील का. अहो, मुळं आत हायेत. वस्तऱ्यानं वरचे जातात, परत उगवतील."

"मग पळाले काहून?" साहेबांनी विचारलं.

डॉक्टरबाईंनी ह्यांची मान जरा वाकवली अन् मागचे केस वर केले. एका कानापास्नं दुसऱ्या कानापर्यंत पांढरी रेघ. मी इतकी वर्षं त्या डोक्याला तेल लावू म्हणायचे अन् हे हात धरायचे.

"इथून कातड्याची पट्टी काढली, त्यातली मुळं सुटी करून पुढं लावली, मागं टाके घातले. आता बहुतेक जण एकेक मूळ उचलतात, त्याला रेघ नाय, बारीक ठिपके राहतात. तरी करणारा डॉक्टर हाय का नुसता कामाला ठेवलेला माणूस, ते बघून जावं." मग ह्यांला म्हणल्या, "अन् तुम्ही केस टिकवायची गोळी बंद केली. पुढचे लावलेले टिकतील, मधले तुमचे स्वतःचे होते, ते चाललेत. अजून काही वर्षांनी पुढं झुडूप अन् मधी माळरान."

"गोळी हिला दिसली असती," हे खाली बघून म्हणले.

गाडीत बसून परत घाटाकडं निघालो. साहेबच बोलले. "चोर पळताना मी जन्मभर बघितले. पण चोरी करून माणूस फार लांब जात नाय बाई. लाज वाटली की मात्र अनवाणी बी जातो. मी दीर तपासला, जमीन तपासली, बाई तपासली. लाज तपासायचं आमच्या कागदात नसतं."

घाट जवळ आला तसं ह्यांनी माझा हात धरला. "सगळी भावकी बसलीय. तुझे वडील हायेत. म्हणतील फसवून लग्न केलं. गाडीवरून पडलो होतो म्हण."

मी मान हलवली. त्या वेळी त्यांनी काहीही मागितलं असतं तरी मी हो म्हणले असते, ते जिवंत होते.

वस्तरा फिरला. दाट केस पायाशी पडले अन् ती रेघ उन्हात उघडी पडली. चुलते म्हणले, "ही कशाची रं?" मीच म्हणले, "वाळूजला गाडीवरून पडले होते. लग्नाच्या आधी." पिंडाच्या समोर म्हणले.

पिंड ठेवला. कावळे झाडावर बसलेले, एकबी खाली येईना. गुरुजी म्हणले, "काही राहिलं असंल तर बोला." भाऊजी म्हणले, आईला सांभाळू. चुलते म्हणले, बांधावरून भांडणार नाय. कावळा हलंना. ऊन चढलं. सगळे एकमेकांकडं बघायले, अन् मला वाटलं सगळे माझ्याकडंच बघायले.

तेवढ्यात आत्या माझ्याजवळ आल्या. "पोरी, पडल्याची जखम अशी कानापास्नं कानापर्यंत असती का गं? म्हातारा अडलाय. खरं काय ते बोल, मग येईल तो."

ह्यांनी भादरलेलं डोकं वर केलं अन् माझ्याकडं बघितलं, डोळ्यात पाणी, मान नाय नाय हलवत. एका बाजूला माझे वडील, एका बाजूला आत्या, झाडावर कावळे. साहेब टोपी हातात घेऊन खाली बघत उभे. पोरगी माझ्या पदराला लोंबकळत होती.

माझ्या जागी तुम्ही असता तर काय बोलला असता?