मोठ्या साहेबांच्या नावानं

रांजणगावच्या कारखान्यात मी लागलो तेव्हा कॉम्प्युटर खातं म्हणजे मी, एक सर्व्हर आणि एक एसी. एसी सर्व्हरसाठी होता, माझ्यासाठी नव्हे. तिथं मी रजेच्या कागदी अर्जांची कटकट बंद करून टाकली. कामगारानं गेटजवळच्या कॉम्प्युटरवर अर्ज भरायचा, की त्याच्या खात्याच्या साहेबांना आपोआप मेल जाणार. कागदी अर्ज घेतला जाणार नाही, अशी नोटीसही मीच लावली. काय तो माझा रुबाब!

आता मेल कुणाच्या नावानं जावा? आमच्याकडे मोठ्या साहेबांच्या नावाशिवाय पान हलत नसे. पाण्याची टाकी धुवायची नोटीससुद्धा त्यांच्याच नावानं लागायची. मशीननं पाठवलेला मेल कोण कशाला उघडेल? म्हणून पाठवणाऱ्याच्या जागी मी बिनदिक्कत त्यांचा पत्ता घातला. दोन महिने झकास चाललं. मग पुण्याच्या हेडऑफिसनं मेलचा सर्व्हर बदलला आणि त्या सोमवारपासून एकच उत्तर यायला लागलं: या नावानं मेल पाठवायची तुम्हाला परवानगी नाही.

त्याच सोमवारी प्रेस शॉपमधल्या एका मामांनी रजा भरली होती. मामा निमोण्याचे. गुरुवारी त्यांच्या बायकोच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, पुण्याला. घरचं माणूस सोबत पाहिजेच, असं दवाखान्यानं बजावलेलं. मामांचे आधीचे दोन खाडे होते. बिनमंजुरीचा तिसरा पडला, तर मेमो ठरलेला.

मी कंबर कसली. पासवर्ड बदलला. सर्व्हर तीनदा बंद-चालू केला. सापडेल त्या फोल्डरला हळदीकुंकवाच्या वाणासारख्या परवानग्या वाटत सुटलो. पुण्याला फोन लावला, तर तिथला शहाणा म्हणाला की मोठ्या साहेबांकडून रीतसर मेल येऊ द्या, मग बघू. मोठे साहेब परदेशी गेलेले. मामा रोज पाळी सुटली की बूट बाहेर काढून माझ्या दारात उभे राहायचे, आणि मी रोज सांगायचो की उद्या नक्की होईल.

गुरुवारी दुपारी माझी ट्यूब पेटली. साहेबांचा पत्ता काढला आणि सिस्टिमचा स्वतःचा पत्ता घातला. एका ओळीचं काम! मेल सुटला, पाच मिनिटांत प्रेस शॉपच्या साहेबांची मंजुरीही आली. मी धावतच प्रेस शॉपमध्ये गेलो.

मामा मशीनवरच होते. बायको शेजारणीबरोबर गेली होती. घरचं कुणी नाही म्हणून दवाखान्यानं तिला परत पाठवलं, असा नुकताच गेटवर फोन येऊन गेला होता. नवी तारीख दोन महिन्यांनंतरची.

मामांनी मशीन थांबवलं. आवाज चढवला नाही, तेच मला जास्त लागलं.

"मेल ज्या साहेबास्नी जायचा हुता, ते तुमच्या शेजारच्याच खोलीत बसत्यात न्हवं?"

मी हो म्हणालो.

"मग तोंडानं का न्हाई इचारलं?"

तोंडानं विचारायचं, तर माझी सिस्टिम बंद पडलीय हे आधी सांगावं लागलं असतं. मला त्याचीच लाज वाटत होती, चार दिवस.

"तशी पद्धत नाही, मामा," मी म्हणालो.

"व्हय," म्हणाले, आणि त्यांनी मशीन चालू केलं.