डाव्या पायाचे आकडे

आमच्या भंडारा जिल्ह्यात चढ शोधावा लागतो. जिकडे पाहावं तिकडे धानाच्या बांध्या आणि तलाव. सायकलवाल्यानं तलावाच्या पाळीलाच घाट म्हणायचं. त्यातल्या त्यात तुमसरकडून चांदपूरच्या टेकडीकडे गेलं की एक रस्ता वर चढतो. पायथ्याच्या चहाटपरीपासून वरच्या वळणापर्यंत साडेतीन मिनिटं लागतात. त्या साडेतीन मिनिटांत मी माझ्या मुलीचा गुडघा घालवला. दुसऱ्या कुणी घालवला असता तर त्याला मी धरून हाणलं असतं.

मी शाळेत पी.टी. शिकवतो. तरुणपणी राज्याच्या सायकल संघाच्या दारातून दोनदा परत आलो आणि त्याचा राग आजही शाळेतल्या पोरांवर निघतो. माझी पोरगी माझ्यापेक्षा दमदार निघाली. एकोणीस वर्षांची, अंगानं काडी, पण चढावर उठली की मागच्याला धाप लागायची. पावसाळा संपता संपता राज्य संघाची निवड चाचणी होती, तीही चढाच्या रस्त्यावर. तिला त्या संघात जायचं होतं. मलाही जायचं होतं, म्हणजे तिच्या पायांनी.

नागपूरच्या एका सायकलपटूकडून मी जुनं पॉवर मीटर घेतलं. पायडलच्या डाव्या दांडीला चिकटवलेली एक लहानशी डबी, पाय किती जोर लावतो ते वॅटमध्ये मोजणारी. हँडलवरच्या पडद्यावर आकडा दिसतो. देताना तो पोरगा म्हणाला होता, "काका, हे फक्त डाव्या पायाचं मोजते आन् त्याची दुप्पट करून दाखवते. ध्यानात ठेवजा." मी मान डोलावली. इतकी वर्षं सायकलीत घातलेल्या माणसाला हा कालचा पोरगा काय शिकवणार, असं तेव्हा वाटलं.

पद्धत मी नीट बसवली होती. आधी सपाट रस्त्यावर चाचणी घेऊन तीन मिनिटांच्या दमाचा आकडा काढला, दोनशे दहा. चढावर पायाला चांगला रेटा मिळतो, म्हणून तिथं दहा वाढवून दोनशे वीस. पाच फेऱ्या, मधे खाली उतरत येऊन श्वास घ्यायचा. वहीच्या पहिल्या पानावर मी माझ्याच अक्षरात नियम लिहिला होता: लागोपाठ दोन फेऱ्यांत आकडा पडला, तर लक्ष्य कमी करावं, नाहीतर त्या दिवशी थांबावं. खाली दोन रेघा मारल्या होत्या.

दर चौथा आठवडा विश्रांतीचा. तो नेमका धानाच्या रोवणीत आला. माझ्या सासुरवाडीला, दिघोरीकडे, मजूर मिळत नव्हते. मी म्हटलं, पोरगी रिकामीच आहे, सायकल नाही तर नाही, बांधीत उतरू दे, मांड्या बनतील. कमरेत वाकून, मागं मागं सरकत, गुडघाभर चिखलात तिनं आठ दिवस धान रोवलं, आणि मी वहीत त्या आठ दिवसांसमोर 'आराम' असं लिहिलं. आजवर कुणा प्रशिक्षकानं रोवणीला आराम म्हटलं नसेल. आमच्याकडे मात्र घरच्या पोरीचं काम कामात धरतच नाहीत, आणि मी काही वेगळा बाप नव्हतो.

परत आल्यावर पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "बाबा, बांधीच्या धुऱ्यावरून पाय घसरला होता जी. डावा गुडघा दुखून राहिला."

"नखरे नोको करू," मी म्हणालो. "रोवणी तुह्या मामीनं बी केली. थे नाही रडली."

त्यानंतर तिनं गुडघ्याचं नाव काढलं नाही.

चढावर आकडे पडले. दोनशे वीसच्या जागी एकशे पंच्याण्णव, एकशे नव्वद. मला संताप आला. खरं सांगायचं तर संतापात थोडी मजाही होती. राज्याच्या संघाच्या दारातून मला हाकलणाऱ्यांच्या जागी मी आता उभा होतो. लक्ष्य कमी करायचं सोडून मी दोनशे तीस केलं आणि फेऱ्या पाचाच्या सात. प्रत्येक फेरीनंतर ती उतरून टपरीजवळ यायची आणि मी विचारायचो, "किती?"

"एकशे ब्याण्णव."

"जोरानं सांग. या लोकाइले ऐकू जाऊ दे."

ती जोरात सांगायची. टपरीवरचे हसायचे. एकदा मी म्हणालो, "रेडा बी याच्यापेक्षा बरा चढते," आणि टपरीवाल्यानं हसता हसता चहा सांडला. तीही हसली. तिचं ते हसणं मला आता फार आठवतं, कारण तिचा एक हात तेव्हा सीटवर होता आणि सगळा भार उजव्या पायावर.

चाचणीला तीन आठवडे उरले असताना सहाव्या फेरीनंतर ती खाली आली, ब्रेक लावला, आणि डावा पाय बूट अडकवायच्या पायडलमधून निघेना. उभ्या सायकलीसकट ती आडवी झाली. टपरीवाला धावला. मी धावलो नाही. मी आधी पडद्यावरचा आकडा पाहिला.

भंडाऱ्याच्या डॉक्टरनं गुडघ्यातली गादी फाटली असल्याचं सांगितलं. दुखापत दीड-दोन महिन्यांची जुनी, म्हणाले, आणि तिच्यावर रोज घासत राहिल्यानं वाढत गेलेली. ऑपरेशन लागेल. सायकल चालवेल, शर्यतीचं विसरा. ते मला रागावले नाहीत, त्यांनी फक्त विचारलं, "तुम्हाला कळलं कसं नाही?"

घरी येऊन मी वही काढली. प्रत्येक फेरीसमोर दोन रकाने होते, एक वॅटचा आणि एक वेळेचा. स्टॉपवॉच माझ्याच गळ्यात असायचं. वॅट पडले होते, पण वेळ वाढली नव्हती. तीन मिनिटं बत्तीस सेकंद, तेहतीस, परत बत्तीस. पोरगी पहिल्याच वेगानं टेकडी चढत होती, उजव्या पायाच्या जोरावर. डावा दुखत होता म्हणून कमी रेटत होता आणि डबी त्याच डाव्याची दुप्पट करून मला दाखवत होती. मी मागितलेला जोर ती उजव्या पायातून देत होती, तो मोजायला तिथं कुणी नव्हतं.

वही मांडीवर ठेवून मी बसलो होतो तेव्हा ती भिंतीला धरून आली. मी चोराच्या उलट्या बोंबा मारल्या. "तू दुसऱ्यांदा सांगतलं काहून नाही?"

"टाइम तं तुमीच लिवत होते, बाबा," ती म्हणाली. "मंग वाचून काहून नाही पाहिला?"

तिच्या आवाजात राग असता तर मला सोपं गेलं असतं.

चाचणी झाली. जी मुलगी तिच्या जागी गेली, तिला माझ्या पोरीनं आधी दोनदा हरवलं होतं. ऑपरेशननंतर व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, रोज पाय उचलून झाला की दुखणं शून्य ते दहात किती ते घरच्यांनी लिहून ठेवायचं. "बाबाजवळ वही आहे," पोरगी म्हणाली. तीच वही. पानं उरली होती.

रोज संध्याकाळी छपरीत ती सतरंजीवर पडते आणि पाय उचलते, मी खुर्चीवर पेन घेऊन बसतो. काल दहाव्यांदा पाय उचलताना तिचा ओठ दातांखाली होता आणि मानेवरून घाम गळत होता.

"किती?" मी विचारलं.

"चार."

"चार नाही वाटत, बेटा. खरं सांग."

तिनं छताकडे पाहत पाय हळूहळू खाली ठेवला.

"तुमाले आकडा पायजे ना? चार. का जोरानं सांगू, शेजारच्याइले ऐकू जाईन असं?"

मी चार लिहिलं.