आक्कांची मोठी शेगडी

आक्का कुणाच्याही घरी गेल्या की लगेच आत येत नसत. उंबऱ्यावर थांबायच्या, नाक किंचित वर करायच्या आणि एक लांब श्वास घ्यायच्या. मग विचारायच्या, "गॅस बंद हाय ना?" उत्तर मिळाल्यावर चपला काढायच्या. मी नवी सून होते तेव्हा मला वाटायचं, या माझ्या स्वयंपाकाची परीक्षा घेताहेत. त्या फक्त घाबरलेल्या असत, हे कळायला मला बराच काळ लागला.

आक्का म्हणजे तुमच्या आजोबांची थोरली बहीण. तुमच्यापैकी थोरलीला त्या थोड्या आठवत असतील. धाकट्यानं त्यांना फक्त फोनच्या पडद्यावर पाहिलं आहे. कोपरगावात त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं, पुढे अंगण आणि अंगणाच्या कडेला पत्र्याचं छप्पर. त्यांचे यजमान साखर कारखान्यात होते, ते लवकर गेले. मुलगा मिलिंद सुप्याच्या एमआयडीसीत नोकरीला लागला आणि तिकडेच राहू लागला. गावात गॅस नवा नवा आला तेव्हा आक्कांनी गल्लीतलं एक घर जळताना पाहिलं होतं. त्याबद्दल त्या फारसं बोलत नसत. एवढंच म्हणत, "आधी वास आल्ता. कोनी ध्यान दिलं न्हाई."

एकदा आम्ही सगळे कोपरगावहून नगरला लग्नाला निघालो होतो. एसटी सुटायच्या बेतात असताना आक्का उठल्या आणि खाली उतरू लागल्या, गॅस बघून येते म्हणाल्या. कंडक्टर वैतागला. "मावशी, लग्न लागून जाईल ना तिकडं."

"लागू दे की. घर राह्यलं तर लग्नं लई लागतील."

गाडी गेली. आम्ही पुढच्या गाडीनं गेलो आणि जेवणाच्या पंगतीला पोचलो. गॅस अर्थातच बंद होता. तुमचे आजोबा त्यांना पुढे कितीतरी वर्षं "आक्का, गॅस?" असं म्हणून चिडवायचे. आक्का हसायच्या, आणि हसता हसता एकदा स्वयंपाकघरात जाऊन यायच्या.

साथीच्या वर्षी आक्कांना ताप आला. ताप उतरला, खोकला थांबला, वास मात्र परत आला नाही. फोनवर म्हणाल्या, "वैनी, कांदा चिरते तर डोळ्याला पानी येतं, पन कांदा कळत न्हाई." डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. आला नाही.

त्यानंतर मी एकदा न कळवता नगरहून कोपरगावला गेले. आक्का स्वतःच्या घराच्या पायरीवर बसल्या होत्या, मांडीवर धुतलेल्या डाळ-तांदळाचं पातेलं. शेजारीण कामावरून यायची, आत जाऊन वास घ्यायची, ती बरं म्हणाली की आक्का गॅस पेटवायच्या. तोवर त्या दारात बसून असायच्या. मला बघून त्यांना बरं वाटलं. आधी मलाच आत पाठवलं. मी वास घेऊन आले तेव्हा म्हणाल्या, "वास गेला त्याचं न्हाई वाटत गं. पन भ्यायचं कशाला अन कशाला न्हाई, त्येच कळंना झालंय." त्या दिवशी खिचडीला चव होती की नाही मला आठवत नाही. त्यांचा तो ताटाकडे बघणारा, कशाचीच खात्री नसलेला चेहरा आठवतो.

मिलिंद म्हणत होता, सुप्याला चला. त्याचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर आणि तो आणि त्याची बायको दोघंही दिवसभर कामावर. आक्का म्हणाल्या, "हितं शेजारीन तरी हाय. तिथं माझं नाक कोन व्हनार?" त्यानं तो हट्ट सोडला. पण इथे एकटं राहायचं तर स्वयंपाक उघड्यावर करायचा, एवढी अट त्यानं घातली.

सुप्याला परदेशी कारखान्यांतले साहेब लोक आपल्या अंगणात गॅसच्या शेगडीवर, जाळीवर मांस भाजतात. मिलिंदनं ते पाहिलं होतं. त्या शेगड्या दोन प्रकारच्या. एक लहान, एका हातानं उचलून कुठेही नेता येणारी, तिला छोटा सिलिंडर. दुसरी मोठी, चार पायांवर उभी, वर झाकण, दोन्ही बाजूंना फळ्या, आणि तिला घरचाच मोठा सिलिंडर जोडायचा. तुम्ही परवा फोनवर ज्या दोन शेगड्यांबद्दल वाद घालत होता, त्याच या. धाकटा म्हणाला, "आजी, लहान बरी. थंडी वाढली की आत घेता येते." त्यानंतरचं तुमचं बोलणं माझ्या कानात शिरलंच नाही. म्हणून आज हे लिहायला बसले आहे.

मिलिंदनं लहान आणली. आईला उचलता येईल, हा त्याचा विचार. त्या रविवारी मी तिथेच होते. आक्का कितीतरी महिन्यांनी मोकळेपणानं हसल्या. "अगं, हे तर भातुकलीतलं खेळनं हाय." सकाळी त्यांनी अंगणात त्यावर वांगी भाजली, मिरच्या भाजल्या. दुपारी शेजारणीला दाखवलं, "बघ माझं खेळनं." दिवसभरात त्या वस्तूचं तेच नाव पडलं.

मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. त्या भाषेत शेगडी वेगळी, सिलिंडर वेगळा, त्यातला वायू वेगळा. आपल्या घरात हे सगळं मिळून गॅस. गॅसवर दूध ठेव, गॅस बारीक कर, गॅस संपला. आक्कांच्या घरात गॅस म्हणजे स्वयंपाकघरातल्या ओट्यावर होता तो. अंगणात होतं ते खेळणं.

संध्याकाळी वारा सुटला, धूळ उडू लागली. मिलिंद दूध आणायला गेला होता. मी दोरीवरचे कपडे काढत होते. आक्कांनी चहाचं आधण उतरवलं, खेळणं बारीक केलं आणि तसंच उचलून आत नेलं. बारीक केली तशी ज्योत वाऱ्यानं विझली होती. ज्योत दिसेना म्हणजे बंद झालं, असं त्यांना वाटलं. धूळ येते म्हणून त्यांनी दार-खिडक्या लावून घेतल्या.

मी बाहेरून विचारलं, "आक्का, गॅस बंद केला का?"

"व्हय व्हय. सकाळधरनं बंदच हाय."

ते खरंच होतं. मी कपड्यांच्या घड्या घातल्या, नीट, एकावर एक. मग दार ढकललं.

तो वास आजही सांगता येत नाही. घर त्यानं भरलेलं होतं. समोर फळीवर बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो, पुढे मेणबत्ती. आक्का वंदनेला उभ्या होत्या. डाव्या हातात काडेपेटी, उजव्या हातात काडी.

मला ओरडता आलं नाही. ओरडले तर त्या दचकतील आणि दचकून काडी ओढतील, एवढंच डोक्यात होतं. मी चालत गेले. ती खोली किती लहान होती, पण चालणं संपेना. मी त्यांचं मनगट धरलं.

"काय गं वैनी?"

"बाहेर चला."

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. नाकानं जे सांगितलं नव्हतं ते त्यांना माझ्या चेहऱ्यावर दिसलं असावं. काडी खाली पडली. अगदी हळू म्हणाल्या, "हाय का?"

"आहे."

आम्ही बाहेर आलो तोच मिलिंद आला. आत शिरता शिरता त्याचा हात सवयीनं दिव्याच्या बटणाकडे गेला, तेव्हा मात्र मी ओरडले. त्यानं श्वास रोखून खेळण्याची चावी बंद केली, दार-खिडक्या उघडल्या आणि शेगडी सिलिंडरसकट अंगणाच्या टोकाला नेऊन ठेवली. आम्ही तिघं शेजारच्या पायरीवर बसलो. आक्का स्वतःच्या हाताकडे बघत होत्या.

"मामी, आता बास," मिलिंद म्हणाला. "उद्या आई माझ्याबरोबर येते."

अंधार पडायच्या आत आक्का उठल्या, आपल्या घराच्या दारापाशी गेल्या आणि चौकट वितीनं मोजू लागल्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"ती मोठी किती रुंद हाय रे?"

मिलिंदनं फोनमध्ये बघून सांगितलं. त्यांनी पुन्हा विती टाकल्या.

"फळ्या धरून?"

"हां. पण आई, परत असं झालं म्हंजे?"

"परत व्हईल म्हनूनच इचारते. वारा सुटला, पाऊस आला, मी भ्याले, तरी मला ती आत नेता येऊ नये. ह्या दारातनं जानार न्हाई अशी आन. अन ह्यो ओट्यावरचा बी भाईर काढ."

मिलिंद माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, आण.

तुमच्या घरामागे गवताचा तुकडा आहे, तिथे तुम्ही मोठीच ठेवा. जड वाटली तरी चालेल. तुम्हाला हसू येईल, पण दार आधी मोजा.

आक्का त्यानंतर त्याच घरात राहिल्या आणि गेल्या वर्षी तिथेच, दुपारी झोपेत गेल्या. डॉक्टरांनी हृदयाचं कारण सांगितलं. मी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

पण मला त्या दिसतात त्या मोठी शेगडी आली त्यानंतरच्या पहिल्या सकाळी. मिलिंद ती पत्र्याखाली बसवून कामाला गेला होता. पेटवायला बटण होतं, आक्कांचा त्यावर विश्वास नव्हता. त्या काडेपेटी घेऊन समोर उभ्या राहिल्या.

"मी पेटवते," मी म्हटलं.

"तू उद्या नगरला जाशील. मंग?" त्यांनी काडी काढली. "तू जरा फाटकाच्या भाईर हो."

"का?"

"दोघी कशाला?"

मी हलले नाही. त्यांनीही पुन्हा सांगितलं नाही. पहिली काडी जाळीपर्यंत पोचायच्या आत विझली. दुसऱ्या काडीला त्यांनी डोळे मिटून घेतले. निळी ज्योत जाळीखालून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली.

"भ्यालीस?" डोळे न उघडताच त्यांनी विचारलं.

"हो."

"मी बी," आक्का म्हणाल्या आणि तवा ठेवला. "सरक आता. भाकरी थापू दे."