जिन्याखालची बरणी

मोठीने जन्मभर इस्पितळात एक्स-रे काढले आणि निवृत्त झाल्यावर सूर्यावर नजर ठेवायला घेतली. शेजारी त्याला खूळ म्हणत. धाकटी बहीण जे म्हणे ते इथे लिहिण्यासारखं नाही.

वडिलांच्या पश्चात घराचे दोन भाग झाले होते. एकीकडे मोठी, दुसरीकडे शिवणकाम करणारी धाकटी, मधे भिंत. जिन्याखालची चिंचोळी खोली तेवढी सामाईक, आणि तीही मोठीने बळकावलेली. तिथे काचेच्या बरणीत दोऱ्याला चुंबकाची कांडी टांगलेली होती, कांडीला नखाएवढा आरसा, आरशावर दिव्याचा किरण, आणि समोर भिंतीवरच्या मोजपट्टीवर पडलेला लाल ठिपका. सूर्यावर मोठी खळबळ झाली की इथे पृथ्वीचं चुंबकत्व डळमळतं, कांडी केसभर वळते आणि ठिपका सरकतो. ठिपका कुठे आहे ते ती रोज वाची आणि हौशी निरीक्षकांच्या गटाला कळवी. गावोगावी अशा बरण्या होत्या. प्रत्येक बरणी म्हणजे एक ठाणं, आणि मोठीचं ठाणं सगळ्यात जुनं. त्यावर तिचा जीव होता. माणसांवर तितका नव्हता, हे तीही नाकारत नसे.

खोलीत लोखंडाला बंदी. किल्ल्या, घड्याळ, केसांचे आकडे बाहेरच्या टोपलीत टाकूनच ती आत पाऊल ठेवी.

मग ती न्हाणीघरात पडली. मणक्याला चीर गेली, महिनाभर अंथरूण धरलं, आणि डॉक्टरांनी पाठीला भक्कम पट्टा बांधून दिला तेव्हा कुठे ती उभी राहिली. उठल्याबरोबर जिन्याखाली गेली, तर ठिपका भलतीकडेच. तिने गटाला वादळ कळवलं. दोन दिवसांनी आणखी एक. मग तिसरं.

गटाचा म्होरक्या जहाजावर रेडिओ सांभाळून निवृत्त झालेला. सगळे त्याला कप्तान म्हणत. त्याचा फोन आला.

"बाई, बाकी सगळीकडे शांत आहे. सूर्य काय फक्त तुमच्या जिन्याखाली तापतो?"

"माझं वाचन चुकत नाही."

"मग जवळ लोखंड आलंय. रविवारपर्यंत निस्तरा, नाहीतर ठाणं यादीतून काढावं लागेल."

लोखंड कुठलं, हे मोठीला शोधावं लागलंच नाही. ती अंथरुणात असताना धाकटीने शिलाई मशीन सरकवून खिडकीपाशी, म्हणजे नेमकं जिन्याच्या भिंतीला लावलं होतं.

"ते धूड हलव तिथून."

"उजेड तिथेच येतो. गिऱ्हाइकांचे कपडे अंधारात शिवू?"

"रोज झाडताना पुढेमागे ओढतेस. माझी कांडी हलते."

"तुझी कांडी! माझी सायकल परसात गंजवलीस, कपाट बाहेर काढायला लावलंस, आता पोटावर पाय. उद्या म्हणशील, हिच्या रक्तात लोह आहे, हिला गावाबाहेर काढा!"

"तुझ्या अंगात रक्त आहे हीच मोठी बातमी."

भांडण तीन दिवस चाललं. शनिवारी सकाळी धाकटीचं डोकं फिरलं. तिने एकटीने मशीन ढकलत ढकलत परसाच्या पार टोकाला नेऊन ठेवलं, पदराने घाम पुसला आणि म्हणाली, "बघ आता."

मोठीने आत जाऊन पाहिलं. ठिपका अजूनही भलतीकडेच.

"कात्री असेल तुझ्याकडे."

"घे झडती!"

आणि मोठीने खरोखर घेतली. कात्री, टाचण्या, बांगड्या, सगळं टोपलीत गेलं. मग धाकटीच तणतणत आत शिरली. ठिपका डुलायचा थांबेपर्यंत कशीबशी गप्प राहिली आणि आतून ओरडली, "चव्वेचाळीस!"

चव्वेचाळीस म्हणजे शांत दिवसाचा आकडा. पडण्याआधी असायचा तोच.

"खोटं बोलतेस," म्हणत मोठी आत घुसली. ठिपका तिच्यासमोर पळाला. ती मागे सरली, तो परतला. पुन्हा पुढे झाली, पुन्हा पळाला.

धाकटीने ठिपक्याकडे पाहिलं, मग बहिणीच्या कमरेकडे. "ताई, पट्ट्यात काय आहे गं?"

मोठीचा हात पाठीवर गेला. कापडाखाली पोलादाच्या चार पट्ट्या, उभ्या.

"जन्मभर पेशंटांवर खेकसलीस, अंगावरचं धातूचं काढा म्हणून! आणि मला टाचण्या काढायला लावतेस?"

चुकलं, हा शब्द मोठीच्या तोंडून निघाला नाही. पट्ट्याला तिने धातू धरलंच नव्हतं. ती तिची पाठ होती. आता तिने बंद सोडले, पट्टा धाकटीच्या अंगावर फेकला आणि आत निघाली. दुसऱ्या पावलाला डोळ्यांपुढे काजवे चमकले. तिने चौकट धरली.

"पडलीस तर मी उचलायची नाही," धाकटी म्हणाली आणि पट्टा तिच्याभोवती करकचून आवळला.

"सैल कर!"

"गप्प उभी राहा. मोबाइल टांगून ठेव आत, तो काढेल फोटो."

"मोबाइलमध्ये चुंबक असतो, अक्कलशून्य."

"मग दुसरा पट्टा घे, प्लास्टिकचा."

"मापाचा बनवावा लागतो. महिना जाईल. उद्या रविवार आहे."

धाकटीने बांगड्या पुन्हा हातात चढवल्या. घाई नव्हती तिला. "मी वाचते. पण ठाणं माझ्या नावावर. आणि मशीन खिडकीपाशीच राहणार."

"तुला यातलं ओ की ठो कळत नाही."

"सूतभर मापाला मी चुकत नाही. तू तर स्वतःलाच मोजत बसली होतीस."

मोठी म्हणाली, "मशीन जागचं तसूभर हलता कामा नये. झाडताना पण नाही." आणि कप्तानला फोन लावला.

"माझी तिन्ही वादळं खोडा. आणि ठाण्याचं नाव बदला. माझी बहीण. कपडे शिवते."

"वादळं का खोडायची?"

"माझ्या पाठीतली होती."

कप्तान हसायला लागला. त्याचं हसू आवरायच्या आत तिने फोन ठेवून दिला.

रविवारी सकाळी मोठी व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला खुर्ची टाकून बसली होती. धाकटी आत.

"काचेवर श्वास सोडू नकोस! ठिपक्याची कुठली कड वाचतेयस?"

"डावी!"

"उजवी वाचायची असते, माझे आई!"

"नाव कुणाचं आहे ठाण्याला?"

मोठीने खुर्चीचे हात घट्ट धरले. कितीतरी शब्द तिने गिळले, आणि ते गिळताना दुखलं ते पाठीपेक्षा जास्त.

"डावी तर डावी," ती ओरडली. "पण मग रोज डावीच वाच!"